ढिवरमोहल्ल्यातली ए दर्जाची ड्रायव्हर

बेबीबाईनं दुकानात येऊन मला तो प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातातला पेचकस सुटला आणि एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलची धडधाकट काच तडकली.

"अश्विनभाऊ, मांगून येऊन कोनी आपल्या गाडीले ठोसलं, तं आपला दर्जा काहून कमी होते? चूक तं त्याची आहे ना."

मला वाटलं, बाई कुठंतरी अपघातात सापडली. पण बेबीबाईकडे गाडी नाही. तिला सायकलसुद्धा येत नाही. ती ढिवरमोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत राहते, अड्याळच्या बाजारात मासे विकते आणि टोपलं घेऊन ऑटोत बसली की, घर येईपर्यंत ऑटोवाल्याला हळू चालव म्हणून बजावत राहते. तिनं पिशवीतून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. पडद्यावर लाल रंगाची मोटार, तिच्यावर 'बेबीबाई' असं नाव आणि नावाशेजारी दोन खुणा. वेग बी. वागणूक ए.

मी चाटच पडलो. कारण हा 'फर्राटा' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ मीही खेळतो आणि माझी वागणूक डी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या खेळात देशभरातली माणसं आपापल्या मोबाइलवरून एकाच शर्यतीत उतरतात. प्रत्येकाला दोन दर्जे मिळतात, ए पासून ई पर्यंत. एक वेगाचा, दुसरा वागणुकीचा. कोणाला धक्का मारला, रस्त्याबाहेर ढकललं, की वागणूक खाली येते. मग खेळ तुम्हाला तुमच्यासारख्यांच्याच शर्यतीत बसवतो. सज्जन सज्जनांबरोबर, ठोकणारे ठोकणाऱ्यांबरोबर. न्याय म्हणून हे बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण मी तापट माणूस. दुकानात गिऱ्हाइकाला ठोकता येत नाही, म्हणून मी खेळात ठोकतो. त्यामुळे माझ्या शर्यतीत पहिल्याच वळणावर बैल बिथरल्यासारखा गोंधळ होतो आणि ए दर्जाची माणसं कशी चालवतात हे मला आजवर कधी बघायलाही मिळालेलं नव्हतं. आणि इथं माझ्यासमोर एक उभी होती, पदराला मासळीचा वास, पायात अजून पुरती ताकद नाही.

पायामुळंच ती या खेळात शिरली होती. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पाय घसरला, हाड मोडलं, प्लास्टर बसलं. आयुष्यात कधी दिवसा आडवी न झालेली बाई खाटेवर पडून पडून वेडी व्हायच्या बेताला आली. तिचा नवरा लिलाधर, जो बोलतो कमी आणि जाळं विणतो जास्त, त्यानं तिच्या हातात मोबाइल ठेवला आणि तो तलावावर निघून गेला. मोबाइल माझ्याच दुकानातला. त्यात काही खेळ मी आपणहून टाकून देतो, गिऱ्हाइक खूश राहतं. बाकीचे खेळ तिला पोरकट वाटले. 'फर्राटा' मात्र तिनं धरला तो धरलाच.

"तुम्ही ओलांडता कसं पुढच्याला?" मी विचारलं. खरं म्हणजे मला शिकायचं होतं, पण तसं कबूल करायची लाज वाटत होती.

"थांबतो जरासी," ती म्हणाली. "त्याले दिसलं पायजे ना, का मी येऊन राहिली म्हनून. मंग तो सरकते. नाई सरकला तं दुसऱ्या वळनावर पायतो."

एवढंच. मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, की मागून ठोकलं तरी कधीकधी दोघांचाही दर्जा थोडा उतरतो, कारण यंत्राला चूक कोणाची ते दर वेळी कळत नाही. हे ऐकून ती माझ्यावरच भडकली, जणू तो खेळ मीच बनवला होता. "तं मंग त्याले न्याय कायले म्हनता?" असं म्हणून लंगडत निघून गेली.

त्यानंतर मी तिच्याकडं लक्ष ठेवायला लागलो. बाजारात गिऱ्हाइक नसलं की तिचे दोन अंगठे मोबाइलवर. कोणी माशाचे कल्ले दाबून बघायला लागला तर नजर वर न करता, "दाबू नका, सकाळचीच आहे," म्हणायची. आणि ती सकाळचीच असायची. कालची असली तर काल म्हणून सांगायची, हे सगळं अड्याळ जाणतं. तिच्याशी भाव करणारा हरतो, पण घरी जाऊन कुरकुरत नाही. मला हळूहळू पटलं, की वागणुकीचा ए तिला कुठल्या यंत्रानं दिलेला नाही, तो तिच्याकडे आधीपासून होता आणि यंत्राला फक्त तो उशिरा कळला.

मग तो बाजाराचा दिवस आला, ज्या दिवशी ती टोपलं न घेताच आली.

दुपार होती. तिनं मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. परत वाचलं. कंपनीचा निरोप होता. 'तुम्ही इतर खेळाडूंशी संगनमत करून शर्यतींचे निकाल आधीच ठरवले आहेत. तुमचं खातं बंद करण्यात येत आहे.' खाली लाल पट्टी आणि तिच्यावर तिचं नाव.

"सगळ्याइनं मिळून फसवलं, असंच ना?" तिनं विचारलं.

"तसंच लिहिलंय."

ती स्टुलावर बसली. तोंडाचा रंग उडाला होता. ही बाई प्लास्टर कापताना हसली होती असं लिलाधर सांगायचा, आणि आता ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "मी," ती म्हणाली, "मी कोनाले फसवलं? एक मानूस दाखवा म्हना मले." मी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

मला कंपनीचा एवढा राग आला की मी तिथल्या तिथं चार शिव्या हासडल्या. यंत्र चुकलं, दुसऱ्या कोणाचं पाप हिच्या माथी मारलं, अशी माझी खात्री होती. तरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्ही खेळता कोणाबरोबर?"

"मोहल्ल्यातल्या बायकाइसंग. सुंदर, दुर्गा, ज्योत्सना. सारं काम आटपलं का दुपारी बसतो आमी सुंदरच्या घरापुढच्या सपरीत."

"मग तुमच्यात जिंकतं कोण?"

"ज्याची बारी असन ते."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. ती माझ्याकडं इतक्या सरळ नजरेनं बघत होती की मला आधी वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकलं.

बारी म्हणजे काय ते ढिवरमोहल्ल्यात राहिल्याशिवाय कळत नाही. धानाला पाणी सोडायचं झालं की तलावाचं तुडूम उघडतात, म्हणजे पाळीतून पाणी बाहेर जाण्याचं तोंड. त्या तोंडाशी मासे ओढले जातात. तिथं जाळं लावलं की मासळी हमखास. ती जागा एकच आणि घरं पुष्कळ. म्हणून आज या घराची बारी, उद्या त्या घराची. ज्याच्या अंगात जोर आहे तो रोज लावू शकत नाही आणि ज्या घरी नुसती म्हातारी आहे तिचीही बारी येते. तिचं जाळं ओढायला मोहल्ला जातो. बारी मोडणाऱ्याशी कोणी बोलत नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पोलीस ठाण्यापेक्षा जास्त चालतं.

आणि हीच बारी बेबीबाईनं मोटारशर्यतीत आणली होती.

"सुंदर रोज आखरी येऊन राहिली होती," ती मला समजावून सांगायला लागली. "तोंड पाडून बसे. मी म्हटलं, असं नाई चालत. आज सुंदरची बारी, उद्या दुर्गाची, मंग ज्योत्सनाची, मंग माही. ज्याची बारी नाई थ्यानं मांगं राहाचं, बाहेरच्याइले अडवाचं नाई, धक्का माराचा नाई. अन् अश्विनभाऊ, आनखी एक. ते खेळ म्हनते, एका दर्जाचा फरक असन तंच संग बसू देतो. मी एकटीच वर गेली असती तं ह्या खालीच राहून गेल्या असत्या. म्हनून साऱ्याइनं संग चढलं पायजे ना."

मी कपाळाला हात लावला. कंपनीला वाटलं ते सगळं खरं होतं. निकाल आधीच ठरलेले होते, रोजच्या रोज, सपरीत बसून, चहा पिता पिता.

"अहो, शर्यतीत बारी नसते," मी ओरडलोच. "जो जोरात तो पुढं. त्यालाच शर्यत म्हणतात."

"तं मंग दुबळ्याची बारी केव्हा येईन?"

याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. मी सांगितलं, की दर्जा असतो तो त्यासाठीच. सुंदरबाईला तिच्याएवढ्याच सावकाश चालवणाऱ्यांबरोबर बसवलं की कधी ना कधी ती जिंकतेच. न्याय तो हाच. कोणी कोणासाठी मागं राहायची गरज नाही.

तिनं ते नीट ऐकून घेतलं. बाई समजूतदार आहे. मग म्हणाली, "अनोळखी लोकाइसंग? मंग जिंकून सांगन कोनाले?"

खात्याखाली 'पुन्हा तपासा' असं बटण होतं, ते मी तिला दाखवलं. तिनं ते दाबलं आणि मोबाइल तोंडाशी धरून, जशी बाजारात बोलते तशीच बोलली. "मी बेबीबाई. मी कोनाले फसवलं नाई. बारी नसन तवा मी सोता हारली. माह्या हारन्यानं कोनाचं काय गेलं ते सांगा." मोबाइलनं तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मी म्हटलं, जरा सुधारून लिहू का. ती नाही म्हणाली.

काही दिवस गेले. मग एका सकाळी मी सहज खेळ उघडला आणि जागेवरच उडालो. आमच्या भागातल्या खेळाडूंच्या नावांत सगळ्यात वर 'बेबीबाई'. वेग ए. वागणूक ए. पुढं हिरवी खूण, 'स्वच्छ चालक'. खातं नुसतं परत मिळालं नव्हतं, ती मुद्दाम हरलेल्या शर्यती यंत्रानं वगळल्या होत्या आणि तिचा खरा वेग मोजून तिला वर चढवलं होतं. मला इतका आनंद झाला की दुकान उघडं टाकून मी पेढे घेतले आणि मोटारसायकल थेट ढिवरमोहल्ल्यात नेली. तिच्यावरचा डाग पुसला गेला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मोहल्ल्यात शिरताच कळलं की काहीतरी बिघडलं आहे. सुंदरबाईच्या सपरीत सुंदरबाई, दुर्गा आणि ज्योत्सना बसल्या होत्या आणि समोरच्या घरच्या उंबऱ्यात बेबीबाई एकटी. मधे गल्ली. मी पेढ्यांचा पुडा उघडून सुंदरबाईपुढं केला. ती बेबीच्या वयाची, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. पुड्याकडं न बघता म्हणाली, "तिलेच द्या. तिचंच भलं झालं."

मग तिनं स्वतःचा मोबाइल माझ्यापुढं टाकला. 'फसवून मिळवलेल्या विजयांमुळे हे खातं कायमचं बंद.' दुर्गाचं तेच. ज्योत्सनाचं तेच. माझ्या हातातला पुडा जड झाला. यंत्रानं हिशेब सरळ केला होता. जी हरली तिनं काही कमावलं नाही, आणि तिच्या बारीचे विजय तिच्या खऱ्या वेगात बसत होते, म्हणून ती निर्दोष. ज्या जिंकल्या त्यांनी न कमावता घेतलं, म्हणून त्या चोर. आणि हे सगळं बेबीबाईच्या 'मी सोता हारली' या एका खऱ्या वाक्यावरून.

"मी मांगून घेतली होती का बारी?" सुंदरबाई मला विचारत होती, पण ऐकवत होती समोरच्या उंबऱ्याला. "हिनंच देल्ली. ठोकू नको म्हने, मी ठोकनं सोडलं. थांब म्हने, मी थांबली. अन् आता मी चोर, हे साव. कंपनीले काय सांगतलं तिनं, का मी हारली? आमाले देऊन मंग आमचंच नाव सांगतलं."

"मी कोनाचं नाव नाई सांगतलं वो," बेबीबाई उंबऱ्यातून म्हणाली. "मी आपलंच सांगतलं."

"तेच तं."

दुर्गा मोहल्ल्यातली नवीन सून. तिच्या सासूला खेळातलं काही कळत नव्हतं, पण मोबाइलवर सुनेच्या नावापुढं 'फसवणूक' लिहिलं आहे एवढं तिला कोणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि ते पुरेसं होतं. दुर्गाचे डोळे सुजलेले होते. मी पेढे तिथंच ठेवून परत आलो. ते कोणी खाल्ले की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात तुडुमाशी बेबीबाईच्या घरची बारी आली. जाळ्याचं दुसरं टोक धरायला कोणी गेलं नाही. लिलाधरनं एकट्यानं ओढायचा प्रयत्न केला, जाळं खुंटाला अडकून फाटलं आणि तो छातीपर्यंत भिजून रिकाम्या हातानं घरी आला. मला हे त्यानंच सांगितलं, जाळ्याचा धागा घ्यायला अड्याळला आला होता तेव्हा. ज्या माणसाच्या तोंडून शब्द निघत नाही त्यानं एवढं सांगितलं, याचाच मला हादरा बसला. "तिले रात्रंदिवस तेच लागून आहे," तो म्हणाला. "मोबाइलवर नाव साफ आहे, अन् मोहल्ल्यात बुडालं."

दुसऱ्या दिवशी बेबीबाई माझ्याकडे आली. मासे नव्हते, पिशवी नव्हती. म्हणाली, "अश्विनभाऊ, तुमी डी आहा ना?"

"आहे. त्याचं काय?"

"मंग मले ठोकाले शिकवा."

मी आधी हसलो. मग तिच्या तोंडाकडं बघून हसणं बंद केलं. तिचा विचार असा होता. सुंदरबाई आणि बाकीच्यांनी नवीन खाती काढली होती, पण ती सगळ्यात खाली, ई दर्जात. ई आणि ए यांना खेळ एका शर्यतीत बसवत नाही. तेव्हा बेबीबाईनं खाली यायचं. आपला ए मोडायचा, हिरवी खूण घालवायची, सगळ्यांच्या ओळीत जाऊन बसायचं. म्हणजे कोणी म्हणणार नाही की तिनं स्वतःचं वाचवलं आणि बाकीच्यांचं बुडवलं.

मी सांगितलं, त्यापेक्षा लिलाधरभाऊंच्या नंबरावर नवीन खातं काढा, तुम्हीही ई पासून सुरू करा. तिनं मान हलवली. "अन् हे वरचं नाव? ते तसंच चमकन ना? रोज पायते ज्योत्सना." मग हेच खातं बंद करा म्हटलं, तर म्हणाली, "पळून गेली म्हनतीन." मुद्दाम हरून तिनं बघितलं होतं, पण लगेच इशारा आला होता, की तुम्ही जाणूनबुजून मागं राहत आहात. हरणंही आता गुन्हा होता. राहिलं फक्त ठोकणं.

मी शटर अर्धं ओढलं, कारण ही शिकवणी कोणी बघू नये असं मला वाटत होतं. शर्यत सुरू झाली. ए दर्जाची शर्यत मी पहिल्यांदाच बघत होतो. माझा विश्वास बसेना. पहिलं वळण आलं आणि सगळ्या गाड्या ओळीनं, कोणाला न शिवता, पाण्यासारख्या निघून गेल्या. "आता," मी म्हणालो, "त्या निळ्याला. मागून." तिचा अंगठा आवळला, पण गाडी बाजूनं निघून गेली. "नाई होत वो," ती पुटपुटली. पुढच्या वळणावर तिनं डोळे बारीक केले आणि ठोकलं. निळी गाडी गरकन फिरून गवतात गेली.

बेबीबाईनं तोंडाला पदर लावला. निळ्या गाडीवर नाव होतं कैलाश, खाली गाव चिखला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, तिकडच्या मँगनीज खाणीत काम करणारा कोणीतरी असावा. या खेळात ज्याला धक्का लागतो त्याच्यापुढं दोन बटणं येतात. एक 'तक्रार', एक 'माफ'. आमच्या डी दर्जात 'माफ' हे बटण असतं हेच लोक विसरले आहेत. क्षणभरानं बेबीबाईच्या मोबाइलवर निरोप आला. 'कैलाश यांनी माफ केलं. तुमच्या वागणुकीचा दर्जा कायम.' आणि त्याच्याखाली, 'काही हरकत नाही, सांभाळून.'

तिनं दुसऱ्याला ठोकलं. त्यानंही माफ केलं. तिसऱ्यानं माफ केलं. पुढच्या शर्यतीत तिनं एका बाईला ठोकलं, तिनं माफ करून वर नमस्काराचं चित्र पाठवलं. मी आयुष्यात इतक्या लोकांना खेळात ठोकलं, एकानंही कधी माफ केलं नव्हतं, आणि इथं एकामागून एक अनोळखी माणसं या बाईला खाली पडूच देत नव्हती. ती हिरवी खूण बघून त्यांना वाटत असणार, चुकून लागलं असेल.

"ह्या लोकाइले राग कसा येत नाई?" बेबीबाईनं विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी कैलाशचा कायले बिघाड केला? त्यानं माहं काय केलं होतं?" तिनं मोबाइल पालथा ठेवला. "हे माह्यानं नाई होनार."

जाताना ती म्हणाली, तुम्ही चला माझ्याबरोबर सुंदरकडं. मी गेलो. मला नाही म्हणता आलं नाही.

सुंदरबाई सपरीत सूप पुढं घेऊन झिंगे निवडत बसली होती. शेजारी ज्योत्सना. दुर्गा भिंतीला टेकून उभी. बेबीबाईनं गल्ली ओलांडली, त्या भांडणानंतर पहिल्यांदाच, आणि मोबाइल सुंदरबाईच्या मांडीवर ठेवला.

"घे," ती म्हणाली. "मले ठोकता नाई येत. तुले येते. ठोस एकाएकाले. थांबू नको, माफी मांगू नको. माहं नाव मातीत घाल, मंग मी बसतो तुमच्यासंग खाली. मी सारं तुह्या हाती देल्लं."

दुसऱ्याच्या खात्यावर खेळायचं नसतं, हा नियम मला माहीत होता. पण तो सांगायची ही जागा नव्हती. सुंदरबाईनं हात पदराला पुसले. मोबाइल उचलला. तिचा खेळ मी पूर्वी बघितला होता. बाजारात ती गर्दीतून जशी कोपरं मारत वाट काढते तशीच मोटार चालवायची. बारीची शिस्त लागली त्याआधी तिच्या वाटेत आलेला एकही माणूस धड राहिला नव्हता. आणि आता तर ती रागात होती. मी मनातल्या मनात त्या हिरव्या खुणेला हात जोडले.

शर्यत सुरू झाली. आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. पहिल्या वळणाला पुढं गाड्यांची गर्दी होती. एक अंगठा दाबला असता तर तीन गाड्या गवतात गेल्या असत्या. सुंदरबाईनं ब्रेक दाबला. सगळ्या गाड्या पुढं निघून गेल्या, ती मागं राहिली. मला वाटलं, ठोकायला जोर धरते आहे. दुसऱ्या वळणावर एकाची गाडी आपणच फिरून तिच्यासमोर आडवी झाली. सुंदरबाई थांबली. चक्क पूर्ण थांबली, रस्त्याच्या मधोमध, आणि तो वळून नीट निघून जाईपर्यंत हलली नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर असावी तशी ती लाल मोटार चालवत होती. शेवटपर्यंत तिनं कोणाला शिवलं नाही. सगळ्यात शेवटी, सगळ्यांहून खूप मागं, तिनं रेघ ओलांडली.

'एकही धक्का नाही,' पडद्यावर आलं. 'वागणूक ए.'

बेबीबाई रडायलाच लागली. "काहून नाई ठोकलं वो? मी तुले म्हटलं होतं ना ठोक म्हनून."

सुंदरबाईनं मोबाइल तिच्या हातात परत दिला. तिचा राग गेलेला नव्हता, आवाजात तसाच होता.

"नाव तुहं होतं ना वर," ती म्हणाली. "तुह्या नावानं कोनाले ठोसू मी?"

आणि तिनं सूप बेबीबाईकडं सरकवलं. बेबीबाई खाली बसली आणि झिंगे निवडायला लागली.